डब्यातला गवई

बायकोला झोपेतून उठवणं ही वाफोबाच्या संसारातली सगळ्यात सोपी गोष्ट होती. तिच्या उजव्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरायचा आणि हलकेच दाबायचा. ती डोळे न उघडता "उठले" म्हणायची आणि खरंच उठायची. बाकी जगाने काहीही केलं तरी ती उठत नसे. ती रात्रीची बस चालवायची आणि दुपारी झोपायची. दुपारी झोपायचं म्हणजे शेजारच्या पोरांचा दंगा, खालच्या शिंप्याचं मशीन, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं कानाआड करायला शिकावं लागतं. ती ते इतकं पक्कं शिकली होती, की एकदा स्वयंपाकघरातली भांड्यांची फळी खिळ्यांसकट खाली आली तेव्हा हिने फक्त कूस बदलली.

वाफोबा हे त्याचं खरं नाव नव्हे हे सांगायला नकोच. तो हॉस्पिटलच्या लाँड्रीत बॉयलर सांभाळायचा, आणि तिथल्या बायकांनी हे नाव त्याला चिकटवलं होतं. सकाळची पाळी करायची, दुपारी घरी यायचं, पाच वाजता अंगठा दाबायचा, असं वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं. मग त्याला बढती मिळाली. बढती मिळाली की माणूस सुखी होतो असं ज्यांना वाटतं, त्यांना ती मिळालेली नसते. हेड अटेंडंटला दुपारची पाळी करावी लागे, कारण ऑपरेशनच्या चादरी दुपारी येत आणि तेव्हा वाफ कमी पडून चालत नसे. "घ्या हो, इतकी वर्षं वाट बघितलीत," असं बायकोच म्हणाली, आणि लगेच पुढच्या आठवड्यात ती दोनदा ड्यूटीवर उशिरा पोचली. मोबाइल वाजून वाजून थकला होता. स्टीलच्या ताटात ठेवलेलं गजराचं घड्याळ ताटासकट खाली पडलं होतं. डेपोच्या साहेबाने दोन मेमो हातात ठेवले आणि तिसऱ्या खेपेला गाडी काढून घेऊन बस धुण्याच्या यार्डात पाठवीन असं तोंडावर सांगितलं.

त्या डेपोत बसचं चाक हाती घेणारी ती पहिली बाई होती. त्या चाकासाठी तिने किती जणांचे टोमणे गिळले होते, किती वर्षं तिकिटं फाडत मागे उभी राहिली होती, हे वाफोबाने जवळून पाहिलं होतं. यार्डात गेली असती तर पगार तेवढाच मिळाला असता, पण बाई निम्मी होऊन घरी आली असती. ते त्याला बघवलं नसतं.

म्हणून त्याने तो कॉम्प्युटर घरी आणला. लाँड्रीच्या ऑफिसातला जुना डबा होता, क्लार्क भंगारात काढायला निघाला होता. वाफोबाने तो दोन हातांत बाळासारखा धरून आणला, पंख्यातली धूळ दात घासायच्या ब्रशने काढली आणि सुटीचे दोन दिवस त्याच्यापुढे मांडी ठोकून बसला. एवढं कळलं, की या डब्याला ठरल्या वेळी आपणहून सुरू व्हायला सांगता येतं. आत क्लार्कने साठवलेली ढीगभर गाणी होती. कुठे बँड, कुठे माउथऑर्गन, कुठे शाळेच्या मुलींचा कोरस. दरवेळी वेगळं गाणं लागेल अशी सोय त्याने केली, कारण एकाच आवाजाची तिला सवय झाली असती आणि मग ती त्यावरही झोपली असती. कपाटाएवढे नाहीत, पण त्याच घराण्यातले दोन स्पीकर तिच्या उशाशी आले.

फक्त एका गोष्टीने त्याला छळलं. जागा वाचवायला त्याने की-बोर्ड काढून ठेवला, तर डबा सुरू झाला आणि मध्येच अडून बसला. काळ्या पडद्यावर लिहून आलं, की की-बोर्ड सापडत नाही, पुढे जायचं असेल तर की-बोर्डवरचं बटण दाबा. वाफोबा पोट धरून हसला. पण डब्याचा हट्ट तो हट्टच. शेवटी की-बोर्ड पुन्हा लावला तेव्हा कुठे बँड सुरू झाला.

पहिल्याच दिवशी ती वेळेवर उठली. दुसऱ्याही, तिसऱ्याही. महिना उलटला तरी एकदाही उशीर नाही. सकाळी तो चहा गाळत असला की ती ड्यूटीवरून येऊन सांगायची, काल तुमच्या गवयाने माउथऑर्गन वाजवला, काल कोरस. गवई हे नाव तिनेच ठेवलं. "गाण्याआधी घसा कसा खाकरतो हो तो! पंखा घुर्रर्र करतो, मग एक पिक्, आणि मग तान." तो आतल्या आत फुगायचा. लाँड्रीत चार जणांना सांगून झालं होतं. शिंप्यालाही कौतुक होतं, पाचचं गाणं लागलं की तोही खाली मशीन थांबवून चहा मागवायचा.

तर त्या दिवशी झालं ते असं. सकाळी वाफोबाचा चहा की-बोर्डवर सांडला. बटणं चिकट झाली. बॉयलरवाल्याला घाण सहन होत नाही. त्याने की-बोर्ड काढला, साबणाच्या पाण्याने निगुतीने धुतला आणि गॅलरीत उन्हात उभा करून ठेवला. निघताना लावू असं ठरवलं. पण निघायच्या आधीच मुकादमाचा फोन आला, की पाण्याचा पंप कुरकुर करतोय, लवकर या. ती नुकतीच आडवी झाली होती. तो पाय न वाजवता बाहेर पडला आणि लॅच ओढून घेतलं.

पंप ठीक झाला. वाफ चढली, रोलर फिरू लागले, चादरी आत ओल्या शिरून बाहेर कोऱ्या निघू लागल्या. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा वाफोबाने जरा मान वर केली, तर समोरच्या भिंतीपाशी एक बाई आपल्या धुतलेल्या चपला उन्हात उभ्या करून ठेवत होती.

 गॅलरी, ऊन, की-बोर्ड. घड्याळात पाच वाजून गेले होते. म्हणजे घरी डब्याने घसा खाकरला असणार, की-बोर्ड शोधला असणार आणि काळा पडदा करून अडून बसला असणार. आणि ती झोपलेली.

त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. फोनने ती उठणार नाही हे ज्याला जगात सगळ्यात जास्त ठाऊक होतं तोच माणूस फोन लावत होता. मग शिंप्याला फोन केला. शिंप्याने आधी हेच सांगितलं, की आज गाणं लागलंच नाही, मीही चहाची वाट बघत बसलोय. वाफोबाने त्याला वर पळवलं. त्याचा फोन परत येईपर्यंत हा बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे बघत उभा होता, आणि काचेतलं पाणी त्याला दिसत होतं पण कळत नव्हतं.

शिंप्याने सांगितलं, की दार बडवून हात दुखले, हाका मारल्या, आतून हूं की चूं नाही. शेजारची म्हातारी तेवढी बाहेर येऊन शिव्या देऊन गेली.

आता वाफोबाच्या डोक्यात मेमो मागे पडला आणि भलतंच काहीतरी पुढे आलं. ती झोपाळू होती, पण दार बडवूनही उठू नये? तिला चक्कर आली असेल तर? गॅस तर चालू राहिला नसेल? सकाळी चहा त्यानेच केला होता. बटण बंद केलं होतं हे त्याला आठवत होतं, आणि जितक्यांदा आठवलं तितक्यांदा ते जास्त खोटं वाटायला लागलं.

तो मुकादमाकडे गेला. मुकादम वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या मागे हॉस्पिटल बसलं होतं. घरी जायचंय, तासाभरात येतो, एवढंच वाफोबा बोलू शकला. मुकादमाने विचारलं, की बॉयलर कोणाच्या हवाली करून जाता? दुसरा लायसनवाला रात्री येणार. आग बंद केली तर ऑपरेशन थिएटरच्या चादरी ओल्या राहणार, आणि आग बंद केली तरी प्रेशर उतरेपर्यंत बॉयलर सोडून जाता येत नाही, हे तुम्हीच नवीन पोरांना शिकवता ना? वाफोबाने मान हलवली. तो तेच शिकवत असे. तो परत जाऊन काचेसमोर उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा त्याला त्या बॉयलरचा राग आला.

एकच आशा उरली होती. तिची बस डेपोतून निघून लाँड्रीच्या फाटकासमोरच्या थांब्यावरून जायची. बॉयलरच्या खोलीची खिडकी त्याच थांब्यावर उघडत होती, मधे फक्त गज आणि फुटपाथ. रोज ती तिथून जाताना हॉर्न द्यायची आणि रोज तो कामात असल्यामुळे नुसता हात वर करायचा. आज तो एक डोळा प्रेशरच्या काट्यावर आणि एक खिडकीवर ठेवून उभा होता. पंप सुरू झाला, बंद झाला. पहिली बस आली ती दुसऱ्या मार्गाची निघाली. बसची वेळ झाली आणि टळली. थांब्यावरची माणसं रस्त्यावर उतरून डोकावू लागली. त्याच्या तळहाताला घाम सुटला, आणि तो काही वाफेचा नव्हता.

मग वळणावर ती बस दिसली. मावळतीचं ऊन काचेवर पडलं होतं, आतलं काही दिसेना. चाकामागे कोणीतरी होतं. कोणीही असू शकत होतं. बस थांब्याला लागली, काचेवरचं ऊन सरकलं, आणि खाकी शर्टात, केसांचा अंबाडा घट्ट बांधून, ती बसली होती.

 वाफोबाने गज धरले. माणसं चढेपर्यंत तिने खिडकीतून मान बाहेर काढली आणि हसून म्हणाली, "तुमचा गवई आज घसा खाकरून गप्पच बसला."

"मग तू उठलीस कशी?"

 बहुतेक ती काय सांगायचं ते ठरवत होती, पण कंडक्टरने घंटी मारली.

"जागीच होते," ती म्हणाली, आणि बस निघून गेली.

पाळी संपेपर्यंत त्या दोन शब्दांनी त्याची पाठ सोडली नाही. रात्री रिकाम्या घरात येऊन त्याने की-बोर्ड आत आणला, जागेवर लावला आणि त्या डब्याकडे बघत बसला. घसा खाकरतो म्हणे. पंखा घुर्रर्र, मग पिक्, मग तान. गाण्याने जाग येणाऱ्या माणसाला गाण्याआधीची पिक् कशी ऐकू येईल? महिनाभर ती रोज त्याला सांगत होती, आणि तो रोज फुगत होता. आपण इतके कसे ठोंबे, याची त्याला मनापासून शरम वाटली.

सकाळी ती आली तेव्हा त्याने चहा पुढे ठेवला आणि सरळ विचारलं. तिने आधी टाळलं, मग सांगितलं. काल गवई गप्प बसल्यावर ती जरा वेळ वाट बघून उठली आणि फोन घरातच विसरून घाईने निघून गेली, शिंपी आला तेव्हा घरात कोणी नव्हतंच. आणि कालचंच नव्हे, डबा आल्यापासून ती एकही दुपार झोपली नव्हती. डोळा लागतोय असं वाटलं की मनात येई, नाही वाजला तर? मग घड्याळ बघायचं. मग पुन्हा बघायचं. पंखा सुरू झाला की जीव भांड्यात पडायचा.

"मग सांगायचं नाही का मला?"

"काय सांगू? तुम्ही दोन दिवस मांडी ठोकून बसलात त्याच्यापुढे. आणि सांगितलं असतं तर तुम्ही बढती सोडली असती."

"आणि न झोपता तू रात्रभर गाडी चालवतेस?"

 ती कपाची कड बोटाने पुसत राहिली. मग म्हणाली, की गेल्या आठवड्यात पुलावर एकदा डोळा मिटला. एकच क्षण. कठड्याचा पांढरा पट्टा एकदम जवळ दिसला आणि तिने चाक फिरवलं. मागे बसलेल्यांना काही कळलंसुद्धा नाही.

 त्याच दुपारी कामावर जाऊन वाफोबाने सकाळची पाळी परत मागितली. मुकादमाने त्याला वेड्यात काढलं. एवढ्या वर्षांनी मिळालेलं हेडचं पद असं कोणी सोडतं का, घरी नेमकी अडचण तरी काय, असं खोदून विचारलं. बायकोच्या पायाचा अंगठा, असं उत्तर देता येत नव्हतं. तो फक्त घरची अडचण आहे म्हणाला. पद दुसऱ्याला गेलं. त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. दोन दिवस तो लाँड्रीत कोणाशी धड बोलला नाही.

पाळी बदलली त्या पहिल्या दुपारी तो घरी आला तेव्हा ती झोपली होती. तो पायाशी स्टूल घेऊन बसला, आणि कितीतरी दिवसांचा थकवा त्याच्याही अंगावर आला. डब्याचं तो साफ विसरून गेला होता. पाच वाजले आणि उशाशी पंखा घुरघुरला. पिक् झालं. तो धडपडून उठेपर्यंत दोन्ही स्पीकरमधून अख्खा बँड खोलीत घुसला, ढोल, पिपाण्या, सगळा लवाजमा. खाली शिंप्याचं मशीन थांबलं. खिडकीच्या काचा थरथरल्या.

ती हलली नाही. तोंड किंचित उघडं, एक हात गादीवरून खाली लोंबकळलेला, श्वास संथ. वाफोबा डबा बंद करायला पुढे झाला होता तो तसाच उभा राहिला. त्याला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. बँड आपला सगळा वाजून संपला. मग तो परत स्टुलावर बसला आणि त्याने तिच्या उजव्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून हलकेच दाबला.

"उठले," ती म्हणाली.

"आज गवयाने काय वाजवलं?" त्याने विचारलं.

तिने डोळे चोळत त्याच्याकडे पाहिलं. "वाजवलं का?"