भट्टीच्या तोंडाशी बसलेला बदली स्विच

मित्रांनो, मी एक बदली स्विच आहे. आधीचा काढून फेकला, त्याच्या जागी मला बसवलं. बोटाच्या पेराएवढा मी, पोटात धातूची एक चकती. घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीतली आच बाहेर आली की चकती उलटते आणि गॅस तुटतो. मला एवढंच येतं. तेवढ्यावर घरातली माणसं जगतात.

अमेरिकेतल्या कडाक्याच्या थंडीच्या डलुथ गावातल्या एका भाड्याच्या घराच्या तळघरात मी आलो. तिथे मार्लिस आणि तिचा म्हातारा नवरा ऑरिन राहायचे. ऑरिनला जिना चढवेना, म्हणून त्याची खाट भट्टीशेजारीच मांडली होती.

भट्टीचं पोट आतून तडकलं होतं. आधीचा स्विच गॅस तोडून तेच सांगत होता, म्हणून घरमालक व्हर्नने त्याला बोगस ठरवलं. आच बाहेर आली, मीही गॅस तोडला. मार्लिसने माझं लाल बटण दाबलं. भट्टी पेटली. मी पुन्हा तोडला.

"हा पण मेला तसलाच!"

"अगं, गॅस कंपनीला फोन लाव," ऑरिन खाटेवरून म्हणाला. "येऊन बघून जातील."

"आणि व्हर्नला काय वाटेल? चर्चमध्ये आपल्याच बाकावर बसतो तो. पाठीमागे तक्रार केली म्हणेल."

इथली माणसं कुडकुडून मरतील, पण ओळखीच्याला अडचणीत आणणार नाहीत. याला ती चांगुलपणा म्हणतात. माझ्याकडे त्याला दुसरा शब्द आहे, तो मुलांसमोर लिहिता येत नाही.

व्हर्न आला. मार्लिसने आधी त्याचीच माफी मागितली, मग कॉफी आणि केक दिला.

"भट्टीला काय धाड भरलीय? स्विचच नाजूक," तो तोंड भरून म्हणाला. त्याने माझ्या दोन्ही वायरी उपसल्या, एकमेकींना पिळल्या, वर चिकटपट्टी लावली. "घे. आता बंद पडली तर मला व्हर्न म्हणू नकोस!"

"वा रे पठ्ठ्या!" ऑरिन हसला. "माझे गारठलेले पाय मला परत मिळाले."

आच येत होती, माझी चकती उलटत होती आणि भट्टी मला वगळून चालूच होती. तडकलेल्या पोटातून विषारी वायू खोलीत झिरपत होता; त्याला वास नसतो. ऑरिनचं डोकं दुखायला लागलं. "थंडी बाधली," म्हणत मार्लिसने भट्टी वाढवली.

एका सकाळी तो उठलाच नाही.

"हृदय थकलं," लोक म्हणाले. "पण गाल बघा कसे गुलाबी. सुखाने गेला." ते गाल त्या वायूने रंगवले होते.

मयतीच्या जेवणाला व्हर्न आला. मार्लिसने त्याचा हात धरला. "शेवटी शेवटी ऊब तरी मिळाली रे त्यांना. तुझ्यामुळे."

"अगं, त्यात काय एवढं," व्हर्न म्हणाला आणि आणखी वाढून घेतलं.

आता त्या खाटेवर मार्लिस झोपते. वर फार गारठा आहे म्हणे. आज ती कपाळ दाबतच खाली आली.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही, फक्त बंद पडता येतं. तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी बंद पडला, तर शिव्या घालण्याआधी त्याने काय थांबवलं ते बघा. ओळखीच्याला नाही, जाणत्याला बोलवा. लाज वाटली तरी बोलवा.

मार्लिसला हे सांगायला माझ्याकडे वायर उरलेली नाही. तिने दिवा मालवलाय. माझी चकती आत्ता पुन्हा उलटली.