दवाखाना भरून कासवं

धाकटी पोटापाण्यासाठी पीएचपी या संगणकाच्या भाषेत कोड लिहायची. थोरल्या दिरांनी तीच विद्या चार व्हिडिओ बघून पदरात पाडून घेतली होती. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली माणसं तिने पाहिली होती; भाऊजी नुसत्या वासाने पिवळे झालेले. थोरल्या जाऊबाई जनावरांच्या डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यातून तपासणीची आठवण देणारे मेसेज भाऊजींच्याच प्रोग्रॅममधून जायचे.

"वेळ बदलून चार केली, तरी मेसेजात दहाच येतात," भाऊजी फोनवर म्हणाले. चूक जणू घड्याळाची होती.

"मेसेजचं क्लोजर, म्हणजे मागाहून चालवायची कोडची पुरचुंडी, बनतं तेव्हा वेळेची नक्कल आत जाते, भाऊजी. मागाहून बाहेर काहीही बदला, नक्कल दहाच राहणार. बदल आत दिसायला हवा, तर आत काय न्यायचं त्या use च्या यादीत वेळेच्या आधी & हे चिन्ह लावा. फक्त वेळेच्या हं."

"कळलं, कळलं."

डोंबल कळलं! दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी तिला तातडीने बोलावलं. बाकांवर कुत्री, मांजरं, पिंजऱ्यात एक पोपट, आणि जो तो मोबाईल नाचवत होता. "आमच्याकडे कासव नाही हो!" प्रत्येकाला एकच मेसेज: आपल्या कासवाची तपासणी आज चार वाजता. वेळ तेवढी बरोबर.

तिने कोड उघडला. भाऊजींनी प्राण्याच्या आधीही & ठोकलं होतं. फोन नंबर क्लोजरच्या बाहेर होते, म्हणून त्यांच्या हातून वाचले.

"एकाने गुण आला, म्हटलं दुसरीकडेही लावू," भाऊजी म्हणाले.

"मलम आहे का ते?" ती म्हणाली. "लूपमध्ये, म्हणजे यादीवरच्या फेरीत, एकेका प्राण्याचं क्लोजर बनतं, पण मेसेज तुम्ही धाडता सगळे शेवटी. नक्कल घेतली असती, तर कुत्र्याच्या मेसेजात कुत्रा राहिला असता. तुम्ही सगळ्यांना एकाच व्हेरिएबलच्या दावणीला बांधलंत. लूप संपला तेव्हा त्यात होतं यादीतलं शेवटचं कासव."

"म्हणजे पीएचपीच वाह्यात आहे."

नाचता येईना, अंगण वाकडं. तिने प्राण्याआधीचं ते एक चिन्ह काढलं आणि स्वतःच्या फोनवर मेसेज मागवून पाहिले. कुत्र्याला कुत्रा, पोपटाला पोपट.

तोवर भाऊजी बाहेर एका मांजरवाल्या बाईंना सांगत होते, "आमच्या धाकटीने भलतंच काहीतरी सुचवलं होतं. मी नीट करून घेतलंय आता."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. मग वाटलं, या माणसावर राग खर्चणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दारात उभ्या जाऊबाईंनीही ते ऐकलं होतं.

"प्रोग्रॅमचा पासवर्ड बदल," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मलाच सांग."

तिने बदलला.

भाऊजी हात चोळत आत आले. "झालं ना, मी म्हणालो तसं?"

"अगदी तस्संच," म्हणत तिने पर्स खांद्याला अडकवली.