वरचा अर्धा

"श्वास धरून बसायचं," मिस्बा गालात घास ठेवून म्हणाली, "हलायचं नाही. मग सदूआजोबा दाखवतात."

इरमचा हात ताटावरच थांबला.

"काय दाखवतात?"

"राणी."

लेकीच्या केसांना पेट्रोलचा वास येत होता. इरमने पुन्हा हुंगून पाहिलं. पेट्रोलच.

शेजारच्या सदूकाकांचं घर दगडी गडग्यापलीकडे. मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळता सांभाळता त्यांची हयात गेली, लग्न राहून गेलं. वैशाखात अख्खी आळी दारं-खिडक्या उघड्या टाकून वाऱ्याची वाट बघते. यांची दुपारी खिडकी बंद, दार बंद, पंखासुद्धा बंद. इरमने हे कधीचंच हेरून ठेवलं होतं. नवरा फैझान कुवेतला. लहान मुलींच्या बातम्या तो वाचत नसे. ती वाचत असे, शेवटपर्यंत.

"आगो, तुझ्या घोवाला त्यानंच पोहायला शिकवलान," सासू हाजरा मासळी निवडता निवडता म्हणाली. "सदूवर कसला संशय? त्याला तर मांजरपण दटाववत नाय."

"ओळखीच्याच माणसांचं..." इरमने पुढचं गिळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्बा अंगणात दिसेना. इरम चपला न घालता गडगा ओलांडून गेली आणि तिने दार ढकललं.

"हळू! वारा आणू नको गो आत!"

टेबलावर काळी बशी, तिच्यात पेट्रोल, आणि पेट्रोलात एक कपटा पालथा पडलेला. काका चिमटा धरून वाकलेले. समोर स्टुलावर मिस्बा गाल फुगवून, श्वास रोखून.

"काय चाललंय हे?"

"तारेची तिकिटं. जुनी, इंग्रजांच्या राणीच्या वेळची. फुंकर लागली तरी उडतात." काकांनी वही तिच्याकडे वळवली. "एका तिकिटावर राणीची दोन मुंडकी, एक वर, एक खाली. तार करायला गेलं की बाबू मधोमध कापायचा. वरचा अर्धा पावतीला चिकटवून माणसाच्या हातात, खालचा हापिसात, तारेच्या कागदावर. ते कागद मागाहून नष्ट करायचे. म्हणून सगळे वरचेच अर्धे उरले. आणि हे बघ, हे एकच अखंड. याच्यावर कुणी तारच केली नाय." बोलताना त्यांचा आवाज आपसूक खाली गेला होता.

"आणि पेट्रोल?"

"कागदातच मुकुटाची छाप हाय, पेट्रोलात भिजला की ती उमटते."

"बंद खोलीत! पाच वर्षांची पोर घेऊन!"

काकांनी बाटलीला बूच लावलं, बशी उचलली आणि दोन्ही मागल्या दारी नेऊन ठेवली. परत आले ते हात पुसत.

"ती इथे येते ते मला कळलं पाहिजे, काका. आणि दार उघडं राहील."

"राहील. बरोबर हाय तुझं. पोर सोपवलीस तर तुझ्या हातात पावती हवी," ते हसून म्हणाले.

इरम हसली नाही. फार लवकर कबूल झाले, असं तिच्या मनात आलं.

त्यानंतर दार उघडं असे. काका वहीच्या पानांवर समुद्रावरचे गोटे ठेवून काम करत. इरम स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राही. भाकरी करपली तरी बघत राही.

एका दुपारी मिस्बा धावत आली आणि तिने आईच्या पिठाळ तळव्यावर एक कपटा ठेवला.

"अम्मी, घे तुझी पावती. मी आजोबांकडे आहे हां!"

राणीचं एक मुंडकं. वरचं. वर शिक्का नाही, डाग नाही. खालची कड ताजी, पांढरी.

इरमने भाकरी तव्यावरच टाकली. ती धावली, मागोमाग मिस्बा.

काका टेबलापाशी उभे होते. चहाचे दोन कप निवत होते. चिमट्यात खालचा अर्धा. शेजारी मिस्बाची शाळेची कातर.

"चहा टाकायला आत गेलो, तेवढ्यात," ते म्हणाले. मग घसा खाकरून, "पण सरळ कापलान हां. बाबू लोकसुद्धा वाकडं कापायचे."

"आजोबा, चुकलं?" मिस्बाने कातरीकडे बघत विचारलं.

"नाय गो. तसंच कापायचं असतं ते."

इरमने कपटा पुढे केला. त्याला पीठ लागलं होतं. "काका, चिकटवता नाही का येणार?"

"वरचा देणाऱ्याकडे राहतो. तो तुझा."

त्यांनी वहीचं कोरं पान काढलं, वरची जागा मोकळी सोडली आणि खालचा अर्धा तिथे टेकवला. दारातून वाऱ्याची झुळूक आली. काकांनी घाईने त्याच्यावर तळहात पालथा घातला.

मिस्बा स्टुलावर चढून बसली. आईकडे पाहत तिने गाल फुगवले, श्वास धरला.

इरम मुठीत पावती धरून बाहेर आली. उंबऱ्याबाहेर क्षणभर उभी राहिली, आणि मग वारा लागू नये म्हणून तिने दार ओढून घेतलं. बोटभर फट तेवढी ठेवली.