आत्यांचं वाटीएवढं पोट

लग्न होऊन मी भरे गावात आले, त्याच वर्षी सासूबाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं. मी त्यांना आत्या म्हणायचे. गावाला त्या गोजराबाई. पोटात जुना व्रण होता. पुण्याच्या डॉक्टरांनी निम्म्याहून जास्त पोट कापून काढलं आणि सांगितलं, "आता उरलंय ते वाटीएवढं. थोडं थोडं खा, चावून खा. काय सोसतं ते तुमचं तुम्हालाच शोधायचंय."

आत्या धिप्पाड बाई. लावणीच्या दिवसांत बांधावर बसून भाकऱ्यांची चवड संपवणाऱ्या. त्यांना वाटीएवढं पोट म्हणजे अपमानच वाटला. पण शोध सुरू झाला. आमच्याकडे बायका पुरुषांनंतर जेवायच्या. आत्यांचं पोट तेवढी वाट बघेना, म्हणून त्या सगळ्यांच्या आधी चुलीपाशी बसायच्या. मी घास द्यायचा, त्यांनी तो चावत राहायचं, मग दोघींनी उंबऱ्यावर बसून पोट काय म्हणतंय ते ऐकायचं. तो माझा सासरचा सगळ्यात सुखाचा वेळ.

खाण्याच्या जिनसांबद्दल आत्या सोयऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलायच्या. "दूध लबाड हाय. जाताना गोड, मागनं लाथा." "भात लई फुगतुया, पाटलावानी पसरून बसतुया." "नाचणीची आंबील मातुर गुणाची. गुमान बसती." ताकात कुस्करलेली भाकरी चालली, अंडं चाललं, नदीतले बारीक मासेही चालले.

एकदा त्यांनी काकवी चाटली. थोड्या वेळानं अंगाला दरदरून घाम, छातीत धडधड, हातपाय लटलट. आडव्या झाल्यावर उतरलं.

"काकवीनं झालं, आत्या."

"उनाचं झालं आसंल," त्या म्हणाल्या. गोडाला दोष द्यायला त्यांचं मन तयार नव्हतं, कारण उरवड्याची जत्रा जवळ आली होती.

उरवडे त्यांचं माहेर. आईवडील गेलेले, धाकटा भाऊ कुशाबा दर जत्रेला बैलगाडी घेऊन यायचा. वर्षातलं तेवढंच माहेर. यंदा कुशाबामामा आले आणि वाळलेल्या बहिणीकडे बघून म्हणाले, "आक्का, औंदा ऱ्हाऊ दे. तू पंगतीत नुसती बसलीस तर लोक म्हनतील, कुशाबानं भनीला उपाशी उठीवली."

आत्यांचा चेहरा एवढासा झाला. मग त्या उठल्या, लुगडं सारखं केलं. "जेवून दावते की! जुप गाडी. पोरी, तू बी चल."

पंगतीत मामा स्वतः वाढत होते. "खा आक्का, माझ्या गळ्याची आण," म्हणत पुरणपोळीवर तूप आणि वर गुळवणी ओतली. मी मागून पदर ओढला. आत्यांनी माझ्यावर डोळे वटारले आणि अर्धी पोळी खाल्ली. मामांचं तोंड फुललं.

पुढं पालखी निघाली. आम्ही बायकांत उभ्या होतो. आत्यांना घाम फुटला, अंग थरथरायला लागलं, नजर ठरेना.

"आली! देवी आली!" कुणीतरी ओरडलं. आत्यांच्या कपाळाला तळहाताएवढं कुंकू फासलं, अंबाडा सोडला, ढोलवाले जवळ सरकले. मामांच्या शेजारच्या धोंडाबाई पाया पडल्या. "आई, माझी म्हस कवा गाभन ऱ्हाईल?"

"मला आडवं व्हऊ द्या गं!"

"सरा, आई काय तरी सांगतीया!" ढोल आणखी चढला. मामाही हात जोडून उभे.

मी नवी सून. चार पुरुषांपुढं तोंड उघडलं नव्हतं. पण आत्या कलंडायला लागल्या तशी मी ओरडले, "मामा, देवी न्हाई ती, गुळवणी हाय! घरी काकवीनं बी आसंच झालं हुतं. निजवा त्यांस्नी!"

ढोल थांबले. मामांनी बहिणीला उचलून पडवीत घोंगडीवर निजवलं. बऱ्याच वेळानं आत्यांनी एक डोळा उघडला. "गेली का मान्सं?"

"गेली."

"त्या दिशी काकवीनंच झालं हुतं गं, उनानं न्हाई," त्या मला म्हणाल्या.

मामा पागोटं मांडीवर घेऊन बसले होते. "आक्का, मी बळंनं चारलं."

"बळंनं कुटं? मीच गिळलं. न्हाई जेवले तर तू फुडल्या साली न्यायाचा न्हाईस."

मामा उठून आत गेले आणि ताकात भाकरी कुस्करलेली वाटी घेऊन आले. बहिणीजवळ बसून एकेक घास देऊ लागले.

"आजून?"

"बास."

कुणाचं 'बास' कधी न ऐकणाऱ्या त्या माणसानं वाटी खाली ठेवली. "बास तर बास. झाली आपली पंगत. फुडल्या साली गाडी आनतो, आन ताक बी घुसळून ठेवतो."

आत्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. पदरानं डोळे पुसले असावेत.

तेवढ्यात धोंडाबाई नारळ घेऊन आल्या. "देवी आसू दे न्हाई तर गुळवणी, मी आपला बोललेला नारळ आनला."

आत्या उठून बसल्या. नारळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पोरी, खोबरं न्हाई बघितलं आपन आजून."

मामांनी नारळ फोडला. आत्यांनी नखाएवढा तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिल्या. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसलो. धोंडाबाईंनी तर हातच जोडले होते.

"गुणाचं हाय," आत्या म्हणाल्या.