डाव्या दारातला आवाज

मित्रांनो, मी एक जुना कॅसेट प्लेअर आहे, मोटारीत बसवतात तसा. सध्या लंडनच्या एजवेअर भागातल्या एका गॅरेजात फळीवर पडून असतो. माझ्या पोटात एक कॅसेट अडकली आहे. ती आजवर कुणालाही काढता आलेली नाही.

माझा जन्म जपानमधला. १९८४ साली मला एका पांढऱ्या मोटारीत बसवलं. मोटार एका शिक्षिकेची होती. तिने दोन गायिकांची कॅसेट माझ्यात घातली. त्या दोघी गिटार घेऊन साधी गाणी म्हणायच्या. त्या वर्षी तिकडे दुकानांत, बसमध्ये, भाजीबाजारात त्यांचीच गाणी ऐकू यायची. एक उजव्या स्पीकरमधून विचारायची, दुसरी डाव्यातून उत्तर द्यायची. पुढे दोघींचं बिनसलं आणि त्यांनी एकत्र गाणं सोडलं. ही बातमी कळली त्या दिवशी बाईंनी कॅसेट काढायला बटण दाबलं. मी ती सोडली नाही. का, ते मलाही सांगता येत नाही.

दहा वर्षांनी मोटार विकली गेली आणि जहाजाने इंग्लंडात साउथहॅम्प्टन बंदरात उतरली. वाटेत डाव्या दाराला ठोकर बसून तिथल्या स्पीकरची तार तुटली. तेव्हापासून उजवीकडची एकटीच विचारायची. उत्तराच्या जागी चार ठोके काहीच नाही.

मोटार घेतली सियोनने. त्याचं एजवेअरला चष्म्याचं दुकान होतं. माझ्या रेडिओवर जपानी स्टेशनांचे आकडे, इथलं काही धड लागायचं नाही, म्हणून तो कॅसेटच चालू ठेवायचा.

पुढच्या वर्षी त्याच्या आईला, एलिशेबाबाईंना, अर्धांगाचा झटका आला. भायखळ्याहून आलेली ती बोलकी बाई एकदम मुकी झाली. दर मंगळवारी सकाळी सियोन तिला हॉस्पिटलात स्पीच थेरपीला न्यायचा. ती डावीकडच्या सीटवर बसायची. तो मुका स्पीकर तिच्या गुडघ्याशीच होता.

सियोन वाटभर तिच्या मागे लागायचा. "आई, पाणी म्हण. पा-णी. नाही? बरं, सियोन म्हण. तेही नको? मग शिवी दे, चालेल!"

सहा महिने असेच गेले. मग एका मंगळवारी नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर गाड्या तुंबून हळूहळू सरकत होत्या. उजवीकडच्या बाईने नेहमीसारखं विचारलं. चार ठोके आले, आणि त्या रिकाम्या जागेत एलिशेबाबाई गायल्या.

सियोनने करकचून ब्रेक दाबला. मागून हॉर्न वाजले. "आई! परत म्हण!"

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. पुढचा प्रश्न आला तेव्हा पुन्हा गायल्या.

घरी त्याची बायको मझल हसून म्हणाली, "वा! सुनेशी सहा महिने शब्द नाही, आणि जपान्यांशी बरं जमतं!"

"जपानी कसलं गं? तोंडाला येईल ते बडबडते. पण आवाज तर फुटला!"

मित्रांनो, ती बडबड नव्हती. ते डावीकडच्या बाईचे शब्द होते, एकही न चुकता. श्वाससुद्धा तिथेच, जिथे ती घ्यायची. इंग्लंडात तो आवाज कुणीच ऐकला नव्हता. तो माझ्या पोटात कोंडलेला होता.

पुढच्या खेपेला मझल सोबत आली. ऐकता ऐकता तिचं हसू मावळलं. "सियोन, हा आईंचा आवाज नाही. ही कुणी तरुण बाई आहे."

"माझी आई गातेय, मझल. मला तेवढं पुरे आहे."

एका स्पीकरवर आई इतकी गाते, तर दोन्ही वाजले तर बोलायलाच लागेल, असं त्याला वाटलं. मोठ्या मायेने त्याने डाव्या दाराची तार जोडून घेतली. त्या मंगळवारी कितीतरी दिवसांनी दोघी एकत्र गायल्या. एलिशेबाबाईंनी ओठ मिटले. थेरपीत त्या 'आ' करायच्या, तोही बंद झाला. तीन आठवडे नुसती शांतता.

"आई, माझं काही चुकलं का?" शेवटी सियोनने गाडीत विचारलं.

एलिशेबाबाईंनी हात पुढे केला आणि दारातल्या स्पीकरवर तळवा घट्ट दाबला, कुणाचं तोंड दाबावं तसा.

सियोनने गाडी कडेला घेतली. दाराची जाळी उचकटली आणि स्वतःच्या हाताने ती तार उपटून टाकली. मग गाणं लावलं.

उजवीकडच्या बाईने विचारलं. चार ठोके. काही नाही. तिने पुन्हा विचारलं. आणि मग एलिशेबाबाई आपल्या स्वतःच्या, घोगऱ्या आवाजात, चक्क मराठीत म्हणाल्या, "दाराशीच आहे रे. चपला काढतेय."

सियोनने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तो रडायला लागला. "बोललीस! आई, बोललीस तू!"

त्या दिवसापासून त्या थोडंथोडं बोलू लागल्या, अगदी शेवटपर्यंत. मोटार भंगारात गेली तेव्हा सियोनने मला मात्र काढून ठेवलं.

पण एक गोष्ट त्याला ठाऊक नाही. त्या गाण्यात उजवीकडची विचारते, "अंधार पडला, कुठे राहिलीस?" आणि डावीकडची सांगते, "दाराशीच आहे, चपला काढतेय." एलिशेबाबाईंना हे कुणीही सांगितलं नव्हतं. त्या उत्तरातला 'रे' एवढाच त्यांचा स्वतःचा होता.

म्हणून मित्रांनो, तुटलेल्या वस्तू जरूर दुरुस्त करा, त्यांची हेळसांड करू नका. पण आधी त्या मोडक्या जागेत कुणी राहायला आलं आहे का, तेवढं बघा. आलं असेल, तर तार जोडू नका.