दिवेलागणीनंतरचं दही

प्रिती देशमाने पुण्याला निघाली तेव्हा एक पाय चपलेत आणि एक पाय घरात अशी बराच वेळ उभी होती. बँकेचं तीन दिवसांचं ट्रेनिंग, तेही ऐन नवरात्रात. ते झालं की मॅनेजरची खुर्ची. पण निघताना तिच्या तोंडी खुर्ची नव्हती, दही होतं.

"क्षितिजा, फ्रिजमधली झाकणाची वाटी. तेच विरजण आहे. आज संध्याकाळी त्यातून थोडं दही लाव, उद्या मोठं पातेलं. परवा चक्का टांगायचा. काहीही कर, पण ती वाटी संपवू नकोस."

"आई, मी दहावीत आहे. त्रिकोणमिती करते मी. दही लावू शकत नाही का?"

"त्रिकोणमिती लीलाताई खायला येणार नाहीयेत," आई म्हणाली, आणि गेली.

लीलाताई म्हणजे क्षितिजाची लीलाआत्या, मुक्काम दादर. दसऱ्याला तिचं जेवण यांच्याकडे असायचं, आणि श्रीखंड घरच्या दह्याच्या चक्क्याचंच लागायचं. आदल्याच रविवारी तिचा फोन आला होता. आई कणीक मळत होती म्हणून फोन स्पीकरवर होता आणि सगळ्या घराने ऐकलं होतं.

"सणासुदीला पोरीच्या जिवावर घर टाकून चाललीस? मग यंदा श्रीखंड डब्यातलंच म्हण की!"

"नाही हो, क्षितिजा लावेल दही," आईने हसून सांगितलं होतं. पण मग कणीक अशी काही मळली, की त्या दिवशीच्या पोळ्या अतोनात मऊ झाल्या.

तेव्हाच क्षितिजाने ठरवलं. श्रीखंड होणार, आणि असं होणार की आत्या बोटं चाटेल. नाही झालं, तर आई पुढच्या वेळी पुण्यालाच काय, चर्चगेटलासुद्धा जाणार नाही. 'घरी अडतं' म्हणेल आणि खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकेल. आई तशीच आहे.

आता एवढं ठरवलेल्या मुलीने त्याच दुपारी काय करावं?

तर शाळेतून तिच्याबरोबर ऋग्वेदा आली. ऋग्वेदा आधी गिरगावात यांच्याच वाडीत, समोरच्या खोलीत राहायची. मग ते लोक करी रोडच्या टॉवरमध्ये गेले, पण शाळा आणि मैत्रीण दोन्ही तिने बदलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत भोंडला होता. ऋग्वेदाने मोबाइलवर एक रील दाखवली. त्यातल्या मुलीने केसांना दही फासलं, धुतलं, आणि तिचे केस असे उडायला लागले की बघतच राहावं.

"घरचंच दही पाहिजे म्हणते ती. पाकिटातलं चालत नाही," ऋग्वेदा म्हणाली.

"घरचं? अगं, आमच्याकडे दुसरं असतंच कुठे!" क्षितिजा ऐटीत म्हणाली आणि फ्रिज उघडला.

केस धुऊन, टॉवेल गुंडाळून दोघी गॅलरीत बसल्या, एकमेकींचे केस हुंगून झाले, फोटो काढून झाले. मग क्षितिजा दूध तापवायला उठली. उगाच नाही, जबाबदारीने. आणि ओट्यावर तिला दिसली धुऊन पालथी घातलेली, लख्ख चमकणारी, झाकणाची वाटी.

"ऋग्वेदा," ती म्हणाली, "मी आईचं विरजण डोक्याला लावलं."

"म्हणजे?"

"म्हणजे आता दही कशाचं लावू? शॅम्पूचं?"

बाबाला ऑफिसात फोन केला. विक्रांत देशमाने हा शांत माणूस. "पाकीट आण ना. दही ते दही."

"बाबा, मागे तू पाकिटातलं आणून लावलं होतंस. चमचा वर केला तर तार निघाली होती. पतंग उडवता आला असता त्यावर."

"हो का? मला तर आवडलं होतं," बाबा म्हणाला. त्याचा काही उपयोग नव्हता.

शेजारी गेली, तर त्यांच्याकडे पाकीट. खालच्या काकूंकडे पाकीट. वरचे गावाला. सगळ्या वाडीत घरचं दही म्हणून नाही! क्षितिजाला पहिल्यांदा कळलं, की एरवी ही माणसं अडली की वाटी घेऊन आईच्याच दाराशी येतात. आई म्हणजे वाडीची दह्याची पेढी होती, आणि पेढी आज पुण्याला गेली होती.

ऋग्वेदा मघापासून नख खात होती. "एक सांगू? आमच्या फ्रिजमध्ये मागे एक वाटी असते. तिला हात लावला की आजोबा खेकसतात. मला वाटायचं त्यांचं औषध आहे."

क्षितिजाने एक स्टीलचा डबा उचलला आणि दोघी धावत बसस्टॉपवर.

पण लालबागला देवीच्या दर्शनाची गर्दी, आणि बस गोगलगायीला लाज वाटेल अशी चाललेली. बघता बघता ऊन भिंतींवरून वर सरकलं, गच्च्यांवर गेलं आणि संपलं. रस्त्याकडेच्या खिडक्यांत एकेक दिवा लागायला लागला. दोघी उतरून उरलेला रस्ता पळत सुटल्या.

दार ऋग्वेदाच्या आजोबांनी उघडलं. रघुवीर आजोबा, गोदीच्या कचेरीतून रिटायर झालेले, अंगात पांढरा गंजीफ्रॉक, मागे देवघरात अखंड दिवा. क्षितिजाने धापा टाकत सगळं सांगितलं. केसांसकट.

आजोबांनी तिच्या डोक्याकडे नीट पाहिलं. "छान झालेत केस."

"आजोबा, चमचाभर विरजण द्या ना."

"नाही."

"नाही?"

"दिवे लागले. दिवेलागणीनंतर घरातलं दही-दूध बाहेर द्यायचं नाही. आमची ही असती तर तिनेही दिलं नसतं. आणि विरजण तर नाहीच नाही."

"अहो आजोबा, कुठल्या जमान्यात आहात?" ऋग्वेदा ओरडली. "आपण एकविसाव्या मजल्यावर राहतो!"

"मजला वर गेला म्हणून दिवा खाली गेला का?"

क्षितिजाच्या डोळ्यांसमोर आत्या उभी राहिली, हातात श्रीखंडाचा डबा घेऊन. एरवी ती भांडली असती. पण आता ती नुसती रिकामा डबा छातीशी घट्ट धरून उभी राहिली. आजोबांनी ते पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाहेर द्यायचं नाही असा नियम आहे," ते सावकाश म्हणाले. "आत लावायचं नाही असा नाही. जन्मभर कारकुनी केली मी. नियम न मोडता काम कसं काढायचं, ते मला विचार. डबा कुणाचा?"

"माझा."

"दूध?"

"तुमचं…"

"माझं कसं? दिवे लागलेत! खाली जा, दूध घेऊन ये. तुझं दूध, तुझा डबा, इथेच लाव. रात्री डबा इथे झोपेल. सकाळी उजाडलं की तुझं दही तू घेऊन जा. मी काही दिलं नाही, तू काही नेलं नाहीस."

क्षितिजाने त्यांना मिठीच मारली असती, पण ती आधीच लिफ्टपाशी होती.

मग ओट्यापाशी शाळा भरली. दूध तापलं, निवत ठेवलं. "करंगळी घाल. चटका बसला तर थांब, गार लागलं तर संपलं. आंघोळीच्या पाण्यासारखं हवं, बाळाच्या." विरजण डब्याला आतून बोटाने फासायचं, वर धारेने दूध, आणि मग कुणी धक्का द्यायचा नाही. "आमच्याकडे रात्री मिक्सर लावायलासुद्धा मी बंदी घातली आहे. दह्याची झोपमोड होते."

"तरीच!" ऋग्वेदा म्हणाली. "माझा मिल्कशेक!"

"तुम्हाला हे सगळं आजींनी शिकवलं?" क्षितिजाने विचारलं.

"छे! आमची आनंदी होती तोवर मी चहासुद्धा गाळला नाही कधी." आजोबा हसले. "ती गेल्यावर सूनबाई फ्रिज आवरताना वाटी धुवायला निघाली, तेव्हा माझ्या लक्षात आलं, अरे, हे तर अजून चालू आहे. मग शिकलो. आधी बरंच नासवलं." त्यांनी वाटीवर झाकण ठेवलं. "आणि हे आमचं कुठे? गिरगाव सोडलं तेव्हा तुझ्या आईने आनंदीच्या हातात दिलेलं. नव्या घरी जुन्या शेजारचं दही न्यायचं असतं. तुमचंच आहे हे, पोरी. आमच्याकडे राहायला आलेलं."

क्षितिजा त्या वाटीकडे बघत राहिली. म्हणजे जे तिने मोरीत धुऊन टाकलं, ते इथे एकविसाव्या मजल्यावर मजेत जगत होतं.

सकाळी बाबा स्कूटर घेऊन आला. दोघे करी रोडला गेले आणि परत येताना क्षितिजा डबा मांडीवर घेऊन मागून ओरडत होती, "बाबा, खड्डा! बाबा, हळू! बाबा, तू दह्याचा बाबा आहेस असं समजून चालव!"

त्या संध्याकाळी बाबा लवकर घरी आला आणि त्याने स्वतः करंगळी घातली. मोठं पातेलं लागलं. रात्रभर तो घरात चवड्यांवर चालत होता. सकाळी पातेलं किंचित कलतं केलं, तर दही जागचं हललं नाही. बाबाने पातेल्याला नमस्कार केला. मग दोघांनी पंच्यात बांधून ते नळाच्या वर टांगलं.

आई आली ती संध्याकाळी. बॅग खाली न ठेवता स्वयंपाकघरात गेली, गाठोडं पाहिलं, खालच्या भांड्यात टपटपणारं पाणी पाहिलं. मग क्षितिजाकडे वळली. "केसांना काय लावलंस गं? मऊ दिसतायत."

क्षितिजाने एका दमात सगळं सांगून टाकलं. आई हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग खुर्चीत बसली.

"खरं सांगू? तिकडे सगळं हातात मिळत होतं. पण मनात येत होतं, घरी माझ्यावाचून थोडं तरी अडायला पाहिजे. अगदीच कसं नाही अडणार?"

"अडलं ना! केवढं अडलं! दूध घ्यायला मी एकवीस मजले उतरले!"

"लिफ्टने," बाबा म्हणाला.

दसऱ्याला आत्या जेवली. श्रीखंड पहिल्यांदा घेतलं तेव्हा काही बोलली नाही. दुसऱ्यांदा मागितलं तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि म्हणाली, "प्रिती, तू तर तिकडे होतीस. मग हे कुणी केलं?"

"या दोघांनी."

"विक्रांतने?" आत्याने भावाकडे असं पाहिलं, जसं काही त्याला शिंगं फुटली होती. मग गप्पा लांबल्या, सोनं वाटून झालं, आणि निघता निघता ती क्षितिजाला दारामागे ओढून कुजबुजली, "एक वाटी विरजण दे गं. आमच्याकडे कधीचं पाकीटच येतं. तुझ्या आईला सांगू नकोस."

क्षितिजा वाटी आणायला वळलीच होती. तेवढ्यात तिला खिडकीतून समोरच्या गॅलरीतले आकाशकंदिलासारखे पिवळे दिवे दिसले.

"आत्या," ती गोड आवाजात म्हणाली, "दिवे लागले की गं."

"मग?"

"आता बाहेर नाही देता येत. पण तू दूध घेऊन ये, भांडं मी देते. इथेच लावू, आणि सकाळी येऊन घेऊन जा."

"अगं, मी दादरला राहते!"

"बाबा स्कूटरने आणून देईल," आतून आई ओरडली. तिने सगळं ऐकलं होतं. "तो आता हळू चालवतो!"

 आत्याने पायात चपला सरकवल्या, पर्समधून पैसे काढून ती बाबाच्या हातात दिली आणि म्हणाली, "दूध कुठे मिळतं इथे?"