रामधनचा गुरुवार

ममता ताकसांडे दिल्लीत ज्या कचेरीत होती, तिथं आकाशातली भांडणं यायची. कोणाचा उपग्रह कोणत्या जागी राहणार, कोणाची डिशची छत्री कोणत्या लहरीवर बोलणार, एकाचा आवाज दुसऱ्याच्या हद्दीत शिरला तर जबाबदार कोण, हे सगळं त्या खात्यात ठरायचं. ममता पांढरकवड्याची. वडील कापसाच्या जिनिंगात वजनकाट्यावर होते. मुलगी नागपुरात कायदा शिकली, पुढे अंतराळाचा कायदा शिकली आणि दिल्लीला गेली, एवढं त्यांना माहीत होतं. कोणी विचारलं तर ते सांगत, पोरगी वरच्या कोर्टात आहे. ममताने त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये परदेशातून एक तक्रार आली. त्यांच्या उपग्रहावर दर गुरुवारी अकरा ते दोन भारतातून कसला तरी आवाज घुसतो, तो थांबवा. अशा तक्रारीत दिरंगाई चालत नसे. छत्री एखाद्या लहानशा संस्थेची असली तरी परक्या देशापुढे उत्तर सरकारलाच द्यावं लागतं. शोध घेतला तेव्हा छत्री राळेगाव तालुक्यातल्या एका गावात निघाली. नागपूरच्या एका संस्थेने तिथं केंद्र उघडलं होतं. नागपुरात बसलेला मनाचा डॉक्टर गुरुवारी टीव्हीवर दिसायचा आणि गावातली माणसं त्याच्याशी बोलायची. परवान्याची मुदत संपली होती आणि छत्रीचं तोंड जरासं सरकलं होतं, तेवढ्यानेच आवाज शेजारच्या उपग्रहावर सांडत होता.

तक्रारीसोबत पुराव्याची सीडी होती, अठ्ठावीस सेकंदांची. ममताने कानाला हेडफोन लावला. आधी खरखर, मग एका पुरुषाचा आवाज, अगदी तिच्या घरच्या बोलीतला.

"मी त्यायच्यापाशी बसतो तं ते माह्याशी बोलतेत, डॉक्टरसाहेब. घरी आलो तरी बोलतेत. बायकोले ऐकू नाही येत. मंग मी येऊ का पुढच्या गुरुवारी?"

पुढे पुन्हा खरखर. नागपूरची छत्री नीट लागलेली असल्याने तिकडचं उत्तर परदेशी उपग्रहावर सांडलंच नव्हतं. सीडीत फक्त प्रश्न होता.

ममतापुढे दोन रस्ते होते. पंधरा दिवसांत दुरुस्ती करा असं लिहिता येत होतं, किंवा ताबडतोब बंद करा असं. दोन्ही नियमात बसत होतं. सकाळीच साहेबांनी पत्ता वाचून हसत विचारलं होतं, हे तुमच्याकडचंच ना? आपल्या भागावर माया केली असं कोणी म्हणू नये, एवढाच विचार तिच्या मनात आला. तिने ताबडतोब बंद करा असं लिहिलं आणि खाली सही केली.

तो आवाज मात्र बंद झाला नाही. पहिल्यांदा तो तिला भाजी निवडताना आला. मग टिपण लिहिताना, मग बसस्टॉपवर उभी असताना. येऊ का, असं विचारून तो थांबायचा, आणि ममताचा हात जागच्या जागी थबकायचा. कोणी तरी उत्तर देईल म्हणून ती वाट पाहायची. कोणी देत नसे. नोव्हेंबरमध्ये एका बैठकीसाठी ती जिनिव्हाला गेली. तिथं दुभाष्यांचं ऐकायला प्रत्येकाच्या कानाला यंत्र होतं. फ्रेंच बोलणारा प्रतिनिधी क्षणभर थांबला, तेवढ्यात तिला स्पष्ट ऐकू आलं, बायकोले ऐकू नाही येत. तिने बटण फिरवलं, सगळ्या भाषा एकामागून एक ऐकल्या, पुन्हा पहिल्यापासून ऐकल्या. शेजारच्या बाईंनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

जानेवारीत तिने रजा घेतली. पांढरकवड्याला घरी सांगितलं, राळेगावकडे काम आहे. एसटी कापसाच्या गाड्यांमागून रखडत निघाली. दिवस तिने गुरुवारच निवडला होता, का ते तिला सांगता आलं नसतं.

केंद्र म्हणजे ग्रामपंचायतीमागची एक खोली. किल्ली नलूताई नावाच्या बाईंकडे होती. पन्नाशीच्या असतील, आधी बालवाडी चालवायच्या. ममताने आपण कोण ते सांगितलं नाही, फक्त कचेरीतून पाहणीला आले म्हणाली. नलूताईंनी सगळं दाखवलं. बंदचा कागद आल्यावर संस्थेचे लोक मशीन घेऊन गेले, छत्री नि टीव्ही राहिला. माणसं यायची थांबली.

"एक जण येते," नलूताई म्हणाल्या. "थो आजबी येईन."

तो म्हणजे रामधन, त्या गावचा कोतवाल. कोणी फवारणीचं औषध पिऊन गेलं की पोलीस येईपर्यंत, पंचनामा होईपर्यंत प्रेतापाशी कोतवालाने बसायचं, अशी रीत. एरवी वर्षाकाठी एखादा प्रसंग यायचा. या दोन हंगामांत तो सतरा वेळा बसला होता. कधी शेताच्या धुऱ्यावर, कधी गोठ्यात, एकदा आपल्याच साळ्यापाशी. माश्या वारायच्या, कुत्री हाकलायची आणि बसून राहायचं.

अकराला तो आला. उंच, किडकिडीत, खाकी शर्ट. चपला दाराबाहेर काढून तो बंद टीव्हीसमोर स्टुलावर बसला आणि बोलू लागला. पहिल्याच शब्दाला ममताने आवाज ओळखला. तो एक वाक्य बोलायचा आणि थांबायचा. पूर्वी उपग्रहावरून उत्तर यायला जेवढा वेळ लागत असे, बरोबर तेवढा. मग मान हलवायचा आणि पुढे बोलायचा. नलूताई सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. त्यांना हे सवयीचं झालं होतं.

त्याचं बोलणं संपेपर्यंत ममता भिंतीला टेकून उभी राहिली. तो उठला तेव्हा तिने सांगून टाकलं.

"भाऊ, ही छत्री मी बंद केली. सही माझी होती."

नलूताईंचं सूप थांबलं. रामधनने तिच्याकडे पाहिलं, पण रागाने नाही.

"काहून?"

छत्रीचं तोंड सरकलं होतं, आवाज दुसऱ्या देशाच्या उपग्रहावर जात होता, असं तिने जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं.

"म्हंजे तिकडं कोनी ऐकलं माह्यं?"

"ऐकलं. मीबी ऐकलं." कितीतरी वर्षांनी ती बोली तिच्या तोंडात आली.

"मंग जवाब काहून नाही देल्ला?"

रामधनने चपला घातल्या. दारातून वळून, तिचीच समजूत घालावी तशा आवाजात तो म्हणाला, "जाऊ द्या. आता डॉक्टरचं काम नाही राह्यलं. आता तेच जवाब देतेत." आणि त्याने त्या काळ्या काचेकडे बोट दाखवलं.

त्या दुपारी ममताने नलूताईंना बसवून नव्या परवान्याचा अर्ज लिहून घेतला, कोणता कागद कुठं लावायचा ते समजावलं. दिल्लीला परतल्यावर तिने वरिष्ठांना लेखी दिलं की या प्रकरणात आपला संबंध आला आहे, फाइल दुसऱ्याकडे द्यावी. तसं करणंच बरोबर होतं. पण दुसऱ्याकडे गेलेली फाइल दुसऱ्याच्या चालीने चालली. परवाना निघायला चौदा महिने लागले. तेवढ्या काळात जुन्या डॉक्टरांनी संस्था सोडली होती.

दोन हजार आठच्या मार्चमध्ये केंद्र पुन्हा सुरू झालं, तेव्हा ममता पुन्हा गेली. नवा टीव्ही होता, पडद्यावर एक तरुण डॉक्टरीण होती. बाया रांगेने बसल्या होत्या. रामधन आला नाही. नलूताई म्हणाल्या, जुना टीव्ही त्याने मागून घेतला आणि बैलबंडीत घालून घरी नेला. ममता त्याच्या घरी गेली.

दारात त्याची बायको धनीबाई भेटली. रामधन तहसिलात गेला होता. टीव्ही आतल्या खोलीत कोनाड्याखाली ठेवला होता, वर लुगड्याचा धुतलेला तुकडा. त्याची वायर गुंडाळून मागे बांधलेली होती. त्या खोलीत वीज नव्हतीच.

"झोप लागते का त्यांना?" ममताने विचारलं.

"लागते नं. गुरुवारी बोलला का आठ दिस चांगला झोपते." धनीबाईने चहा पुढे ठेवला. "झोप माही गेली. थो मधात मधात थांबते. पयले मी कामात राहो. आता मीबी थांबतो, अन् ऐकतो."

काय ऐकू येतं, हे ममताने विचारलं नाही. कप उचलताना धनीबाई म्हणाली, तुमी कायद्यातल्या आहात तं याची कोतवालकी सोडवा. ममता म्हणाली, राजीनामा त्यांचा त्यांनीच द्यायला हवा. "तुमी सांगान तं देईन," धनीबाई म्हणाली. "तुमी त्याचं वरून ऐकलं हाय."

परदेशी सरकारांना पत्रं लिहिणाऱ्या ममताने त्या ओसरीवर तहसीलदारांच्या नावे एक पानी अर्ज लिहिला. प्रकृतीच्या कारणास्तव सेवेतून मुक्त करावे, इतकाच. रामधन दुपारी आला. तिने अर्ज दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्याने पेन मागितला आणि सावकाश सही केली. मग विचारलं, त्यायच्यापाशी आता कोन बसन? ममता म्हणाली, नवा माणूस नेमतील. त्याने मान हलवली, पण ते त्याला पटलं असं दिसलं नाही.

जूनअखेरीस तो मुक्त झाला. पुढचं नलूताईंनी ममताला फोनवर सांगितलं. पोळ्याच्या आधी दोन दिवस नाल्याकडच्या वावरात एक जण औषध पिऊन गेला. नवा कोतवाल अजून नेमायचा होता. पोलीस पाटलाचा माणूस भरदुपारी रामधनच्या दारात आला. तो काही बोलायच्या आधीच धनीबाई उंबऱ्यात उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी चौकट धरली. आता आमच्या घरी कोतवाल नाही, म्हणाली. माणूस जरा वेळ घुटमळला, मग निघून गेला.

तिने मागे वळून पाहिलं. रामधन खाकी शर्ट घालून, काठी हातात घेऊन तिच्या पाठीशी तयार उभा होता. त्याला कोणी सांगितलं, नलूताई म्हणाल्या, सांगणारा तर काही न बोलताच परत गेला होता.

तो गेला नाही. धनीबाईने चौकट सोडली नाही, आणि पोलिसांची गाडी नाल्याकडून परत जाईपर्यंत दोघं तशीच उभी राहिली.